कोंबड्यांना घातलेलं मीठ

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीनं सांगितलं की तुम्ही घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांच्यासाठी दुकानातून क्षारांची पूड आणली आहे, आणि थंडीत रोग होऊ नये म्हणून पाकिटावर लिहिल्यापेक्षा ती थोडी जास्तच घालता आहात. मग तिनं विचारलं, "आजी, तुमच्याकडे कोंबड्यांना काय घालायचे?" मी म्हटलं, "शिंपल्यांचा चुरा."  दाराशी कुणी आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दाराशी कुणी नव्हतं.

'थोडी जास्त' हे शब्द ऐकून मी दचकले. इतक्या वर्षांनी असं व्हावं याचं मलाच नवल वाटलं. म्हणून आज टेबल आवरून बसले आहे. मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे, तसंच सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण त्या वेळी आमच्या घरात जे बोललं गेलं ते इंग्रजीत मला लिहिता येणार नाही. तुमची आई वाचून दाखवील.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी इंग्रजी तिसरीत होते, म्हणजे तुमच्या हिशेबानं सातवीत. आमचं घर खाडीकाठच्या नवघर गावाच्या टोकाला होतं. घरामागे थोडी भातशेती, तिच्यापलीकडे भरतीचं पाणी चढणारं खाजण आणि मग मिठागरं. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला इंद्रलोकच्या इमारती दाखवल्या होत्या, त्या अंगाला तेव्हा उन्हाळ्यात सगळं पांढरं दिसायचं. आमच्या वाट्याला मिठागराचे थोडे वाफे होते आणि माझे वडील दुसऱ्यांच्या मिठागरांवरही देखरेख करायचे. ते वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरेल ते सांगायचे. त्यांचं सहसा चुकत नसे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझी ताई सासरहून परत आली. तिच्या लग्नाला वर्ष झालं होतं. बैलगाडीतून उतरताना तिनं पदर तोंडाला लावला होता, तो तिनं घरात येईपर्यंत काढला नाही. हवापालटासाठी आली आहे, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. तिला मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी खाट घालून दिली. तिचं ताट, तिचा पेला, तिची वाटी वेगळी झाली. त्या दुखण्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. आई 'ते' म्हणायची. आजी, म्हणजे वडिलांची आई, तेवढंही म्हणत नसे, नुसतं खोलीकडे बोट करायची. मला मात्र ते नाव ठाऊक होतं, कारण शाळेतल्या एका मुलीची आई त्यानं गेली होती. मी ते नाव मनातल्या मनातसुद्धा पुरतं उच्चारत नसे. उच्चारलं तर ताई मरेल असं मला वाटायचं.

वसईहून डॉक्टर यायचे. तेव्हा त्या दुखण्यावर औषध म्हणावं असं काही नव्हतंच. मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी एवढंच ते सांगायचे. रोज दोन ताजी अंडी, त्यात खंड नको, असं ते आईला दोनदा बजावून गेले. दुधाची तेव्हा टंचाई होती, गावातलं बरंचसं दूध मुंबईला जायचं. अंडीही बाजारात आली की पलटणींसाठी उचलली जायची. तेव्हा ताईची सगळी मदार आमच्या खुराड्यावर होती. मोठ्या माणसांनी ते कसं समजून घेतलं होतं ते मला माहीत नाही. माझ्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं होतं की कोंबड्या अंडी देताहेत तोवर ताई आहे. सकाळी उठल्याबरोबर मी खुराड्यात हात घालायची आणि हाताला ऊन ऊन अंडं लागलं की मगच तोंड धुवायला जायची.

त्या कोंबड्यांवर वडिलांचा फार जीव जडला. एरवी ते आजीचं खातं होतं. कोंडा, कण्या आणि उरलंसुरलं यावर त्या वाढायच्या. पण ताई आल्यावर वडिलांनी मुंबईहून कोंबड्या पाळण्याचं एक इंग्रजी चोपडं आणलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचून काढलं. कोंबडी रोज अंड्याच्या कवचापायी आपल्या हाडांतला चुना देत असते, तो तिला परत मिळाला नाही तर ती आतून पोकळ होते आणि पोकळ अंगात रोग चटकन शिरतो, असं त्यात होतं. ते वाचल्यावर वडिलांनी खाडीवरून कालवांची कवचं आणवली, ती भाजून आजीच्या उखळात कुटली. त्यात हाडांची राख, कोळशाची पूड आणि मीठ मिसळलं. शिवाय मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे लहान शार्क. ते तेल उत्तनची कोळीण बाटलीतून आणून द्यायची. त्याचा एक चमचा कोंड्यात पडायचा आणि दुसरा माझ्या तोंडात. "आधी त्यांना, मग हिला," असं आजी म्हणायची, "अंडी त्या देतात, ही काय देते?"

महिनाभरात अंड्यांची कवचं अशी टणक झाली की आईला ती फोडताना जरा जोर लावावा लागे. कोंबड्यांचे तुरे लाल झाले. ताईच्या गालांवरही जरासा रंग आल्यासारखा वाटला, निदान मला तरी. वडील खुराड्यापुढे उभे राहून म्हणायचे, "आता येऊ दे कुठला रोग येतो तो."

आणि चैत्रात रोग आला. आधी काशीगावाकडून बातमी आली. तिकडे खुराडीच्या खुराडी रिकामी झाली, कोंबड्या माना पिळवटून पडताहेत, हिरवं हगताहेत. आमच्याकडे त्याला मानमोडी म्हणत. मग मिऱ्याकडून तीच बातमी आली, आणि मग आमच्याच आळीत, चार घरं सोडून. मी शाळेतून येताना बांधावर पडलेली एक कोंबडी पाहिली. तिची मान पाठीवर उलटी वळली होती, डोळे उघडे होते, आणि ती जिवंत होती. मी घरापर्यंत धावत आले आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं तर ती गोष्ट घरात येईल असं मला वाटलं.

वडिलांनी फाटकाला काटेरी झाप, म्हणजे काट्याकुट्यांचं कवाड, लावली. बाहेरून येणाऱ्यानं पाय धुतल्याशिवाय अंगणात यायचं नाही. खरं तर कुणी येतच नव्हतं. ताई आल्यापासून शेजारपाजार आमच्या अंगणात पाऊल ठेवत नसे, आणि आता आम्हीही त्यांना येऊ देत नव्हतो. चार घरं सोडून राहणारी, जिची सगळी खुराडी रिकामी झाली ती बाई तेवढी एका दुपारी झापेपाशी येऊन उभी राहिली. आईशी तिचं जुनं येणंजाणं होतं.

"आमची येक पन न्हाय रायली वयनी," ती म्हणाली. "तुमच्या हायेत का अजून?"

आईनं हायेत म्हणून सांगितलं.

"जपा मग. तुमच्या घरात पयलंच येक दुखनं हाय. आता कोंबड्या पडल्या तर लोकं काय बोलतील ते मी सांगायला नको. मानसाचं कोंबड्यांना लागलं म्हनतील. पोरीला गावात राऊ देनार न्हाईत."

ती हे मुद्दाम मोठ्यानं बोलली की तिचा आवाजच तसा होता, ते मला आजही ठरवता येत नाही. ताईची खिडकी उघडी होती. आई आत आली ती आधी ताईच्या खोलीत डोकावली. ताई पाठ करून निजली होती, पण ती झोपलेली नाही हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती खुराड्यापाशी येऊन बसली. अंडी बंद झाली तर ताईचं काय, हे होतंच. आता कोंबड्या मेल्या तर ताईला गावाबाहेर काढतील, हेही आलं. कुणी त्याबद्दल बोललं नाही. जो तो आपापल्या परीनं काहीतरी करू लागला.

आता मिठाबद्दल सांगते. मिठागरावरच्या माणसांचं मिठाशी जे नातं असतं ते तुम्हाला मला समजावून सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्याकडे मीठ विकत घेतात ही गोष्ट मला शाळेत गेल्यावर कळली. घरात मीठ मोजून घालत नसत. कोपऱ्यात रांजण होता, त्यात हात घालायचा आणि मूठ काढायची. दृष्ट काढायला मीठ, दाढ दुखली की मीठ, जखमेवर मीठ, नव्या घराच्या पायात मीठ. मासे मिठात टिकतात, कैऱ्या मिठात टिकतात. मिठानं काही बिघडतं ही कल्पनाच आमच्या डोक्यात नव्हती. वडिलांच्या चोपड्यात 'थोडं मीठ' घाला असं होतं आणि पुढे मापही दिलेलं होतं. पण ते इंग्रजी वजनात, कितीतरी मण दाण्याला. वडिलांनी ते मनातल्या मनात आमच्या कोंड्यावर उतरवलं आणि हातानं घातलं. ते मिठागरावरच्या माणसाचं थोडं.

मानमोडी आळीत आल्यावर त्यांनी ते आणखी वाढवलं. आजीनं आपल्या बाजूनं कोंबड्यांच्या पाण्यात मीठ टाकायला सुरुवात केली. तिचा हिशेब सरळ होता. ज्याला मीठ लागलं ते सडत नाही, मग कोंबडीच्या आत मीठ गेलं तर रोग तिला आतून सडवणार कसा? आई खारे मासे भिजवून धुवायची, ते पाणी ती कोंड्यात कालवू लागली. तेवढाच जीव येईल त्यांना, असं तिला वाटे. तिघांपैकी कुणी दुसऱ्याला विचारलं नाही, सांगितलंही नाही. घाबरलेलं माणूस असं गुपचूपच करतं.

आणि वैशाखात आमच्या अंगणातल्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायचं. खाडी जवळ, वरचं गोडं पाणी आटलं की खालून खारं वर चढायचं. ते धुण्याभांड्यांना वापरायचं. ताईसाठी गोडं पाणी गावातल्या लांबच्या विहिरीवरून आई डोक्यावरून आणायची. ती एक कळशी ताईच्या खाटेपाशी फडक्यानं झाकलेली असे आणि तिला दुसरं कुणी हात लावत नसे. कोंबड्यांच्या परळात, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात, मचूळ पाणीच पडायचं.

एका सकाळी मी खुराडं उघडलं तर कोंबड्या नेहमीसारख्या उडी मारून बाहेर आल्या नाहीत. काही चालताना झोकांड्या खात होत्या. दोन पाय पसरून बसल्या होत्या, त्यांना उठता येत नव्हतं. मी हात घातला. अंडं नव्हतं. मी आणखी आत, कोपऱ्यापर्यंत हात घातला. ओल्या घाणीखेरीज हाताला काही लागलं नाही. मी तिथेच बसून राहिले. 

दिवसभर त्या तशाच होत्या. दुसऱ्या सकाळी काही मेल्या होत्या. एकीला उचलली तर तिच्या चोचीतून पाणी गळलं. वडिलांनी ते पाहिलं आणि पाय धुतले. मग चोपडं आणून पायरीवर बसून वाचलं. रोग शिरला की सगळ्या माराव्यात आणि चुन्यात पुराव्यात, असं त्यात होतं. त्यांनी अंगणाच्या टोकाला खड्डा खणायला घेतला. आजी तुळशीपाशी बसून डोळे पुसत होती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला वाटत होतं की हा खड्डा भरला की गावातली माणसं झापेपाशी येतील आणि ताईला न्यायला बैलगाडी येईल. मी सारखी रस्त्याकडे बघत होते.

खड्डा झाला. वडील कोयता घेऊन खुराड्यापाशी आले. तेव्हा खिडकीतून ताई बोलली. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी एवढा मोठा ऐकला.

"बाबा, थांबा जरा."

"खिडकी लाव," वडील तिच्याकडे न बघता म्हणाले. "हा वारा तुझ्या अंगावर नको."

"खुडूक कोंबडीला काय झालंय ते बघा आधी."

खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली. ती खुराड्यातच एका डालग्यात बसून होती. अंडी उबवणारी कोंबडी दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, घोटभर पाणी पिते आणि परत जाऊन बसते. वडिलांनी वाकून पाहिलं.

"तिला काही नाही झालेलं."

"मग तिला कसं नाही झालं? ती तर त्यांच्यातच आहे."

"आज नाही, उद्या होईल."

"बाबा, मी दिवसभर इथून त्यांच्याकडेच बघत असते. मला दुसरं काय काम आहे? परवापासून त्या परळातून चोच काढत नाहीयेत. पाणी संपलं की ओल्या मातीत चोच घालतात. माना कुणाच्याच वळलेल्या नाहीत. ही तहान आहे. तहान मला कळते."

"तहान असेल तर पाणी आहे की परळात," आजी तुळशीपासून म्हणाली.

"कसलं पाणी आहे ते बघा ना कुणीतरी."

वडिलांनी कोयता खुराड्याच्या छपरावर ठेवला. परळापाशी उकिडवे बसले, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. वाफ्यावर लावायचे तसंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पुन्हा बोट बुडवून पुन्हा चाखलं. मग त्यांनी कोंड्याच्या टोपलीतली चिमूट तोंडात टाकली आणि थुंकून टाकली.

"यात मीठ कुणी घातलं?"

"मी घातलं," आजी म्हणाली. "मिठानं कधी कुणाला बाधलंय? बाधत असतं तर तू कधीच मेला असतास."

"मीही घातलंय, आई," वडील म्हणाले.

माझी आई तोवर स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती खाऱ्या माशांच्या पाण्याबद्दल बोलली तेव्हा कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण प्रत्येकजण दुसरीकडेच बघत होता. एरवी हसू आलं असतं. त्या क्षणी मला मात्र एवढंच कळत होतं की कोयता अजून छपरावर आहे आणि वडिलांचं ठरलेलं नाही. कारण तहानच असली तरी त्यांना पाजायचं काय? विहिरीचं तर मचूळ.

"माझी कळशी घ्या," ताई म्हणाली.

"ती तुझी आहे."

"मला संध्याकाळी दुसरी आणा. बाबा, माझ्या अंड्यांचा प्रश्न आहे. आणि एकदम पाजू नका. मला डॉक्टर घोटघोट पी म्हणतात ना, तसंच त्यांना."

आईनं कळशी आणली. वडिलांनी परळ घासून पुसून घेतलं. आम्ही एकेक कोंबडी हातात धरायची, दोन घोट पाजायचे, सावलीत ठेवायची, मग पुढची. पहिलीपाशी परत यायचं. पाणी दिसलं की त्या अंगातलं सगळं बळ एकवटून झेपावायच्या आणि त्यांना मागे ओढताना माझ्या हाताला त्यांच्या छातीतली धडधड लागायची. माझीही तशीच चालली होती. ताईच्या कळशीतलं पाणी खाली खाली जात होतं आणि मला सारखं वाटत होतं की आपण तिच्या वाट्याचं सांडतोय. हे खोटं ठरलं तर? हा रोगच असला तर? मी खिडकीकडे पाहिलं. ताई गजांना कपाळ टेकून बसली होती. तिचे ओठ सुकले होते, पण तिनं पाणी मागितलं नाही.

दुपारपर्यंत आणखी एक-दोन मेल्या. उन्हं कलताना एक पिवळी कोंबडी उठली, दोन पावलं चालली, बसली आणि पुन्हा उठली. आजीनं तोंडात पदर कोंबला. वडिलांनी कोयता आत नेऊन ठेवला आणि खड्डा बुजवायला घेतला. मेलेल्या तेवढ्या त्यात गेल्या.

पण भीती संपली नाही. वाचलेल्या कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताईला संध्याकाळचा ताप जरा जास्त येऊ लागला. आई तिला माशांचा पातळ रस्सा द्यायची, ती अर्धा सोडायची. खुडूक कोंबडीखालची अंडी काढून द्यावीत का, यावर आई आणि आजी कुजबुजल्या. आजी म्हणाली, "त्यात जीव धरलाय आता," आणि तो विषय तिथेच राहिला. मी रोज सकाळी खुराड्यात हात घालायची आणि हात रिकामा आला की ताईच्या खिडकीकडे न बघता आत जायची. ती मला विचारत नसे. तेच मला सोसत नसे.

मग एका सकाळी हाताला काहीतरी लागलं आणि मी हात झटकून मागे घेतला. ते मऊ होतं. पुन्हा हळूच हात घातला. अंडं होतं, पण त्याला कवच नव्हतं. नुसता पातळ पडदा, त्यातून आतला पिवळा बलक दिसत होता. तळहातावर घेतलं तर ते थरथरलं. खुराड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत मी इतकी हळू कधी चालले नसेन. फुटेल म्हणून मी श्वासही जपून घेत होते. आजीनं ते बघितलं आणि म्हणाली की हे अपुरं आहे, आजारी माणसाला असलं देऊ नये. आईही घुटमळली.

ताईनं खोलीतून विचारलं, "अंडं आहे का?"

"आहे, पण कवच नाही धरलेलं."

"मग फोडायचा त्रास वाचला. आण इकडे."

तिनं ते दुधात घालून प्यायलं. मी दारात उभी राहून तिला संपूर्ण पेला संपवताना पाहिलं. मगच परसात तोंड धुवायला गेले. 

हळूहळू कवचं परत आली. वडिलांनी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवायला सुरुवात केली. जिला हवा तिनं खावा, कोंड्यात कालवायचा नाही. कोंबड्या मोजकाच खात. मीठ शाळेतल्या माझ्या फुटपट्टीच्या टोकावर मावेल एवढं. पाणी गोडं. आई रोज एक कळशी जास्त आणू लागली, आणि शाळा सुटल्यावर मीही.

पावसाच्या तोंडावर मानमोडी आमच्याकडेही आलीच. या वेळी ती खरीच होती. माना वळल्या, हिरवी हगवण झाली, सगळं झालं. निम्म्याहून जास्त गेल्या. उरल्या त्यांनी पुढे अंडी दिली, पण थोडी. गावातली माणसं ताईसाठी आली नाहीत. तोवर सगळ्यांचीच खुराडी रिकामी झाली होती आणि कुणाला कुणाकडे बोट दाखवायची ताकद राहिली नव्हती.

आता धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर. मी पुढे शिकले, मिळेल ते वाचलं, आणि मला जे कळलं ते एवढंच. चुना, मीठ, तेल, या गोष्टी कोंबडीला कमी पडल्या तर ती रोगाशी झगडू शकत नाही. त्या जास्त झाल्या तर ती त्यांनीच मरते, आणि ते मरण रोगासारखंच दिसतं. मानमोडीसारखा रोग कुठल्याही खाण्यानं अडत नाही, त्याला लसच लागते, आणि ती तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आमच्या उरलेल्या कोंबड्या शिंपल्यांनी वाचल्या की नशिबानं, ते मला सांगता येत नाही. ताईबद्दलही तेच. तिचा ताप दिवाळीपर्यंत उतरला. डॉक्टर म्हणाले, अंड्यांनी उतरला. आजी म्हणाली, नवसानं. ताईला विचारलं तर ती म्हणायची, "भीतीनं. मी गेले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून आणखी कुणाला तरी मीठ घातलं असतं."

म्हणून पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. आणि रोज सकाळी त्यांच्या पाण्यात बोट बुडवून चाखून बघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

भावोजी ताईला न्यायला दोन वर्षांनी आले. तिकडे तिचा संसार झाला. आमचं घर आता नाही, मिठागरं बहुतेक गेली, आजी, आई, वडील गेले, आणि ताईही पिकलं पान होऊन गेली. तिची मुलगी आहे. साठीच्या पुढे आहे, गोरेगावला राहते, आणि तिची प्रकृती चांगली आहे.